वाटाघाटीतली सुटी नाणी : सोलापूर, अक्कलकोट आणि सीमेचे राजकारण

१/
मित्रहो, दर वर्षी १ नोव्हेंबर जवळ आला की समाजमाध्यमांवर दोन नकाशे फिरू लागतात. एकात बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्रात रंगवलेली असतात. दुसऱ्यात सोलापूर, अक्कलकोट, जत कर्नाटकात. दोन्ही नकाशांखालचे वाक्य मात्र एकच असते : 'हा भाग मूळचा आमचाच.' आजचा थ्रेड या 'मूळचा' शब्दाविषयी आणि त्या शब्दाच्या आड चाललेल्या व्यवहाराविषयी आहे.

२/
प्रतिपादन सुरुवातीलाच मांडतो. राज्यसंस्थेला सीमाभाग तीन रूपांत दिसतो : दाव्याचा पुरावा, सौद्यातला मोबदला आणि शेजाऱ्याला द्यायचा इशारा. तिथे राहणारा माणूस या तिन्हींत कुठेच नसतो. सोलापूर जिल्ह्याने या तिन्ही भूमिका निभावल्या आहेत. म्हणूनच ज्याला बेळगावसाठी न्याय मागायचा आहे त्याने आधी अक्कलकोटकडे पाहिले पाहिजे. हे अनेकांना रुचणार नाही. तरी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

३/
प्रथम 'मूळ' शोधू. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. अनेक अभ्यासक त्याला आजवर सापडलेला सर्वांत जुना दिनांकित मराठी शिलालेख मानतात. मराठीच्या अभिमानाचे हे स्थान. आता गावाचे नाव पाहा. 'कुडल' हा शब्द कन्नड आहे आणि त्याचा अर्थ 'संगम'. मराठीचा आद्य पुरावा कन्नड नावाच्या गावात उभा आहे. सांगा, हे गाव 'मूळचे' कोणाचे?

४/
सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातील हे शिवशरण. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांच्या परंपरेत त्यांचे स्थान मोठे आहे. मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी घरे एकाच रस्त्याने चालतात. कोणत्या भाषेचा भक्त किती, याची मोजदाद तिथे होत नाही. मोजदाद करणारी यंत्रणा फार उशिरा आली, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो मातृभाषेचा.

५/
त्याआधी सोलापूरची मोजदाद वेगळ्या हिशेबात होत असे. सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात या किल्ल्यावरून पिढ्यानपिढ्या झगडा चालला. बुऱ्हाण निजामशहाचा विवाह इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झाला तेव्हा सोलापूर हुंड्यात मिळणार असे ठरले. ते दिले गेले नाही आणि युद्धे पेटली. पुढे चांदबीबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूर विजापूरकडे आंदण गेले.

६/
हुंडा म्हणून दिला-घेतलेला प्रदेश, एवढ्यापुरतेच हे सोळाव्या शतकाचे वैशिष्ट्य आहे, असे वाटत असेल तर थांबा. त्या काळी सुलतान निदान उघडपणे म्हणत असत की किल्ला आम्हाला महसुलासाठी आणि मोक्याच्या जागेसाठी हवा. पुढची राज्ये तोच किल्ला मागताना 'जनतेच्या भावना' हा शब्द वापरू लागली. मागणी तीच राहिली, भाषा बदलली.

७/
इंग्रजी अमलात काय झाले? १८३८ मध्ये सोलापूरची स्वतंत्र कलेक्टरी झाली. तिच्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्याबरोबर इंडी, हिप्परगी आणि मुद्देबिहाळ हे भागही होते. इंडी आणि मुद्देबिहाळ आज विजयपूर जिल्ह्यात आहेत. पुढे १८६४ मध्ये ही कलेक्टरी मोडली, आणि काही वर्षांनी पुन्हा जुळवताना साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला तिला जोडले गेले. हे सारे सारा-वसुलीच्या सोयीने झाले. कोणती भाषा कुठे बोलली जाते, हा प्रश्न कोणत्याही साहेबाच्या टेबलावर नव्हता.

८/
संस्थानांचा नकाशा याहून विस्कळीत. अक्कलकोटला भोसले, जतला डफळे. सांगलीकर पटवर्धनांचे शहापूर थेट बेळगावला खेटून. पटवर्धनांचीच दुसरी शाखा जमखंडीला. राजघराणे मराठी, रयत कित्येक गावांत कन्नड. वारसाहक्काच्या वाटण्यांतून आणि सनदांतून निर्माण झालेले हे तुकडे १९४८ मध्ये विलीन झाले. अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात आले, जत तेव्हाच्या दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगलीत; जमखंडी विजापूर जिल्ह्यात गेली. आज ज्याला आपण 'ऐतिहासिक सीमा' म्हणतो तिचे कित्येक कोपरे अशा घरगुती वाटण्यांनी ठरलेले आहेत.

९/
आता पूर्वेकडे वळा. १९४८ पर्यंत सोलापूरची धगधगती सीमा दक्षिणेला नव्हतीच. ती पूर्वेला होती. पलीकडे निजामाचे हैदराबाद. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील निर्वासित याच जिल्ह्यात आले आणि हैदराबाद मुक्तिलढ्याची सीमेवरची केंद्रे इथे उभी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधुरी यांच्या फौजेची मुख्य आघाडी सोलापूरहूनच निघाली आणि नळदुर्गावरून हैदराबादकडे सरकली.

१०/
ती सीमा आज कुठे आहे? सोलापूरहून नळदुर्गला जाणाऱ्या प्रवाशाला ती जाणवतही नाही. जिथे रणगाडे गेले तिथे आज फक्त जिल्हा बदलल्याची पाटी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पूर्वेची राज्यसीमा पुसली गेली. त्याच दिवशी बेळगाव, विजापूर, धारवाड आणि उत्तर कानडा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि दक्षिणेला नवी राज्यसीमा उमटली. एकाच तारखेला, एकाच कायद्याने, एक रेघ खोडली आणि दुसरी ओढली.

११/
या एका तारखेचे स्मरण कसे होते ते पाहा. बेळगावातले कन्नड भाषक हा दिवस राज्योत्सव म्हणून साजरा करतात; तिथलाच मराठी माणूस काळा दिन पाळतो. सोलापुरात बहुतेकांना ही तारीख आठवतही नाही. ज्या रेघेने तुमचा प्रश्न सुटला ती रेघ तुम्हाला 'नैसर्गिक' वाटू लागते आणि विस्मरणात जाते. ज्या रेघेने तुम्हाला तोडले ती जखम म्हणून टिकते. नैसर्गिक सीमा म्हणजे जिच्याविषयी तक्रार करणारा कोणी उरला नाही अशी सीमा.

१२/
ही रेघ कशी ओढली? डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ च्या सप्टेंबरात अहवाल आला. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक मानला. बेळगाव जिल्ह्यातले बहुतेक तालुके कन्नड, म्हणून जिल्हा म्हैसूरला. अपवाद एक : चंदगड तालुका मराठी म्हणून मुंबई राज्यात ठेवला. चंदगडला लावलेली फूटपट्टी बेळगाव तालुक्याला का लावली नाही, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. प्रश्न रास्तच आहे.

१३/
महाराष्ट्राने त्यावर मांडलेली तत्त्वेही रास्त होती : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात ह. वि. पाटसकरांनी खेडे हा घटक धरून निवाडा दिला होता आणि १९६० मध्ये तो अमलातही आला. म्हणजे ही तत्त्वे हवेतली नव्हती. देशात वापरलेली होती. दक्षिणेत एका ठिकाणी चालले ते दुसऱ्या ठिकाणी का चालू नये, याला केंद्राने कधी समाधानकारक उत्तर दिले नाही.

१४/
इथवर बहुतेक मराठी वाचक माना डोलावतील. आता नाण्याची दुसरी बाजू. १९५७ च्या निवेदनात ८१४ गावांची मागणी होती. त्याच भूमिकेचा दुसरा भाग असा, की त्या बदल्यात कन्नड बहुसंख्य अशी सुमारे २६० गावे म्हैसूरला देण्याची आपली तयारी आहे. ही गावे कुठली? अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या पट्ट्यातली. ८१४ चा आकडा आपण शाळकरी वयापासून ऐकतो. २६० चा आकडा किती जणांना ठाऊक आहे?

१५/
तत्त्व म्हणून हा प्रस्ताव सुसंगत होता, हे मान्य. जे आपल्याला हवे ते दुसऱ्यालाही द्यावे, हा प्रामाणिकपणा त्यात होता. परंतु चौथ्या तत्त्वाचे काय झाले? 'लोकेच्छा' हा शब्द बेळगाव, निपाणी, खानापूर यांच्यासाठी गर्जून उच्चारला गेला. अक्कलकोट तालुक्यातल्या शेतकऱ्याची इच्छा कोणी विचारली? त्याची बाजारपेठ सोलापूर, त्याचा मुलगा सोलापूरच्या गिरणीत, त्याच्या घरची बोली कन्नड. त्याला मुंबई हवी की बंगळूर? त्याचे गाव वाटाघाटीच्या टेबलावर सुट्या नाण्यांसारखे ठेवले गेले; मोठी नोट हाती यावी म्हणून.

१६/
१९६६ मध्ये सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले गेले. निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या भागांतील गावे धरून २४७ गावे म्हैसूरला, अशी वाटणी सुचवली गेली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. कर्नाटक आजही 'महाजन अहवाल अंतिम' हेच पालुपद धरून आहे.

१७/
महाजन अहवालाची मुख्य विसंगती आपल्याकडे अनेकांनी दाखवली. बॅरिस्टर अंतुले यांनी तर त्यावर पुस्तकच लिहिले. बेळगावात मराठी भाषकांचे संख्याबळ दुय्यम आणि आजूबाजूचा भूगोल प्रधान. अक्कलकोटकडे मात्र भाषा प्रधान. ही टीका योग्य आहे. पण आपण आपल्याला किती तपासतो? बेळगावसाठी भाषा हा निकष मांडणारे आपणच, अक्कलकोटचा विषय निघताच 'एक इंचही देणार नाही' म्हणतो. आयोगाने एका अहवालात दोन मापे वापरली. आपण एका भाषणात वापरतो.

१८/
आता या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा. तो सोलापूर शहरातच आहे. इथे तेलुगू भाषक पद्मशाली समाज पिढ्यानपिढ्या राहतो. तेलंगणातून आलेल्या या विणकरांनी इथला हातमाग आणि यंत्रमाग उभा केला, चादरीला नाव मिळवून दिले. त्यांची वस्ती मोठी, त्यांची भाषा टिकून आहे. तरीही 'सोलापूरचा तेलुगू प्रश्न' असा शब्दप्रयोग तुम्ही कधी ऐकला आहे का? कोणत्या तेलुगू मुख्यमंत्र्याने सोलापूर मागितले आहे का?

१९/
नाही, कारण तेलुगू राज्याची सीमा सोलापूरला भिडत नाही. तेलुगू भाषकाच्या घराला लागून रेघ नाही, म्हणून तो केवळ नागरिक. कन्नड भाषकाच्या शेताला लागून रेघ आहे, म्हणून तो 'प्रश्न'. भाषा दोघांचीही मराठीहून वेगळी आहे. फरक केवळ नकाशावरच्या जागेचा. भाषेमुळे सीमा ठरते, असे आपल्याला शिकवले गेले. प्रत्यक्षात सीमेमुळे ठरते की कोणती भाषा 'संशयित' होणार. या थ्रेडमधले एकच काही लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

२०/
रॉजर्स ब्रुबेकर या समाजशास्त्रज्ञाने युरोपातील सीमाभागांविषयी एक त्रिकोण मांडला आहे : आपल्या छापाचा समाज घडवू पाहणारे राज्य, त्या राज्यातील अल्पसंख्य समूह, आणि सीमेपलीकडे त्या समूहाचे 'मायघर' म्हणवणारे दुसरे राज्य. आपल्याकडे हा त्रिकोण आरशासारखा दुहेरी आहे. कर्नाटक बेळगावात पहिली भूमिका करते आणि अक्कलकोटसाठी तिसरी. महाराष्ट्र बेळगावसाठी तिसरी करतो आणि अक्कलकोटमध्ये पहिली. दोघांनाही आपली फक्त मायाळू भूमिका आठवते.

२१/
राज्य सीमाभागात आपला हक्क कसा रुजवते? इमारतीने, नावाने, अधिवेशनाने. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले. वर्षातील मोजके दिवस अधिवेशन भरवण्यासाठी एवढी वास्तू उभारणे हे दगडात कोरलेले दावापत्रच होते. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. त्याच वर्षी येळ्ळूर गावातील 'महाराष्ट्र राज्य' असा फलक हटवताना तणाव उसळला आणि गावकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. एका फलकाला राज्यसंस्था इतकी का घाबरते? कारण तिचाही दावा फलकांवरच उभा असतो.

२२/
नोव्हेंबर २०२२. कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील ४० गावांवर, मग सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भागावर दावा सांगितला. आधार काय? जतच्या गावांनी पूर्वी केलेला, कर्नाटकात जाण्याचा ठराव. पाठोपाठ अक्कलकोट तालुक्यातील काही ग्रामपंचायतींनीही तसे ठराव केले. मुंबईत संताप उसळला. 'फितुरी' हा शब्दही ऐकू आला. ठरावांतला मजकूर मात्र फार थोड्यांनी वाचला.

२३/
त्या ठरावांत कन्नड अस्मितेचा उद्घोष नव्हता. पाणी नाही, रस्ते नाहीत, सीमेपलीकडच्या गावांत आहेत. तुम्हाला जमत नसेल तर आम्हाला तिकडे जाऊ द्या, असा तो सूर होता. हा सरळ तक्रारअर्ज होता. फक्त तो सरकारला ऐकू जाईल अशा भाषेत लिहिला होता, म्हणजे सीमेच्या भाषेत. आणि तो ऐकू गेला! कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या शिवारात खळाळले, आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या विस्तारित म्हैसाळ योजनेला मुंबईत एकाएकी गती आली. तहानेने जे झाले नाही ते धमकीने झाले.

२४/
यातून सीमाभागातल्या गावाने काय शिकावे? नागरिक म्हणून मागितले तर मिळत नाही. भूभाग म्हणून रुसले तर मिळते. आणि तेही पुरते नाही. अक्कलकोटमध्ये ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतींना प्रशासनाच्या नोटिसा गेल्या. ठराव मागे घेतले गेले. आता २००५ आठवा. बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून कर्नाटक सरकारने ती महापालिका बरखास्त केली. तेव्हा आपण त्याला लोकशाहीची हत्या म्हटले होते. बरोबरच म्हटले होते. मग अक्कलकोटच्या नोटिशीला काय म्हणावे?

२५/
इथे एक आक्षेप अपेक्षित आहे : 'ही खोटी बरोबरी आहे. बेळगावच्या मराठी माणसाने गोळ्या झेलल्या. सोलापूरच्या कन्नड माणसावर कोणी गोळी चालवली?' आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकायचे कारण नाही. जानेवारी १९५६ चे हुतात्मे बेळगाव विसरलेले नाही, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला गोळीबारही नाही. सोलापूर जिल्ह्यात कन्नड माध्यमाच्या शाळा चालतात, लिंगायत आणि तेलुगू समाजांतून लोकप्रतिनिधी निवडून येतात. दमनाची तीव्रता सारखी नाही.

२६/
परंतु आपला युक्तिवाद 'आम्ही कमी मारले' यावर उभा करायचा आहे का? महाराष्ट्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे आपण तत्त्व मागतो आहोत, दया नव्हे. आणि तत्त्वाची कसोटी आपल्या अंगणातच लागते. अक्कलकोटच्या कन्नड शाळेत शिक्षक वेळेवर नेमणे, तिथल्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत अर्ज करू देणे, हे बेळगावच्या खटल्यातले सर्वांत प्रभावी शपथपत्र ठरेल. ते दाखल करण्यासाठी ना तारीख लागते, ना वकील.

२७/
डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी काही दिवसांच्या अंतराने ठराव केले, दोन्ही एकमताने. एरवी एकमेकांची तोंडे न पाहणारे पक्ष इथे एका सुरात बोलतात, यावर जाणत्या वाचकाने सावध व्हावे. त्याच सुमारास कर्नाटकाने महाराष्ट्रातील कन्नड शाळांना विशेष अनुदान देण्याची भाषा केली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना कर्नाटकातील ८६५ गावांना देऊ केली. सीमेपलीकडच्या आपल्या माणसांची चिंता जरूर करावी. पण सीमेअलीकडच्या परभाषक माणसाची चिंता करण्यात मते मिळत नाहीत, हे गणित दोघांनाही अचूक ठाऊक आहे.

२८/
डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तिकेत एक सूक्ष्म भेद केला होता. एका राज्यात एक भाषा असावी, हे त्यांना मान्य होते. परंतु एका भाषेचे सगळे लोक एकाच राज्यात असले पाहिजेत, हे त्यांना मान्य नव्हते. राज्यकारभार लोकांना कळेल अशा भाषेत व्हावा, हा हेतू. भाषेच्या नावाने बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना दडपावे, हा धोका. आपण हेतू विसरलो आणि धोका मात्र जपून वाढवला.

२९/
दुसरी वाट शक्य आहे का? युरोपात पाहा. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधला श्लेस्विग प्रदेश. १८६४ च्या युद्धानंतर तो जर्मनांकडे गेला. १९२० मध्ये सार्वमत झाले. उत्तर विभागाचे मत एकगठ्ठा मोजल्याने टोन्डरसारखी जर्मन बहुसंख्य नगरे डेन्मार्कमध्ये गेली. ओळखीचे वाटते ना? हा त्यांचा बेळगाव. दक्षिणेकडे डॅनिश भाषक जर्मनीत उरले. हा त्यांचा अक्कलकोट.

३०/
१९५५ मध्ये, म्हणजे आपला पुनर्रचना आयोग अहवाल लिहीत होता त्याच वर्षी, बॉन आणि कोपनहेगन येथून दोन्ही देशांनी स्वतंत्र घोषणा केल्या. आशय असा : कोणी स्वतःला डॅनिश म्हणवावे की जर्मन, हे ज्याने त्याने ठरवावे, सरकार त्याची तपासणी करणार नाही, दोन्हीकडच्या अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आणि संस्था चालवता येतील. रेघ एका इंचानेही हलली नाही. हलला तो रेघेचा अर्थ. दोन महायुद्धांनंतरच्या दोन देशांना हे जमले. एकाच संविधानाखालच्या दोन राज्यांना जमत नाही.

३१/
तरतुदी तर आपल्याकडेही आहेत. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय, आणि त्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी. ज्यांनी रेघा ओढल्या त्यांना पुरते ठाऊक होते की कितीही काटेकोर रेघ ओढली तरी चुकीच्या बाजूला माणसे उरणारच. म्हणून रेघेबरोबरच त्यांनी हमीही लिहिली. रेघ आपण प्राणपणाने जपली. हमी कागदावर राहिली.

३२/
शेवटी सोलापूरचीच एक आठवण. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. ही नावे एकापाठोपाठ वाचा. कोणत्याही सीमा आयोगाला या चौघांची वाटणी करता आली नसती. हे शहर 'मूळचे' कोणाचे, याचे माझ्यापुरते उत्तर या चार नावांत आहे.

३३/
तेव्हा मित्रहो, पुढच्या १ नोव्हेंबरला रंगवलेला नकाशा समोर आला की तो पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारा. ही रेघ कोणत्या वर्षी, कोणत्या कायद्याने ओढली? घटक जिल्हा धरला, तालुका की खेडे, आणि का? बदल्यात कोणती गावे टेबलावर होती? आणि त्या गावांना कोणी विचारले होते का? पहिल्या तिन्हींची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. चौथ्यासाठी अक्कलकोटची एस. टी. पकडावी लागेल.

थ्रेड येथे संपला. मतभेद अवश्य नोंदवा. नकाशासह नव्हे, तारखांसह.